बिरप्पाचं अपेंडिक्स आणि आमची ऐतिहासिक सही

परवा टीव्हीवर कुठल्याशा देशाचे राष्ट्राध्यक्ष एका कायद्यावर सही करताना दिसले. देशातल्या गोरगरिबांच्या आजारपणाला विम्याचं छत्र देणारा कायदा, असं निवेदिका भारावून सांगत होती. गृहस्थ मोठे हौशी. एका सहीसाठी पेनांचा अख्खा ताटवा समोर मांडलेला. एका पेनानं अर्धं अक्षर, ते ठेवलं, दुसऱ्यानं उरलेलं अर्धं. सही झाल्यावर ती पेनं मागं उभ्या राहिलेल्या मंडळींना आठवण म्हणून वाटून टाकली.

आमच्या सौभाग्यवती भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमच्या त्या जतच्या सहीला धड एक शाई नव्हती."

खरं आहे. पण आमची सहीही ऐतिहासिकच होती. तसं कापडी फलकावर लिहिलंच होतं.

मी सरकारी विमा कंपनीच्या सांगली शाखेत विकास अधिकारी होतो. मूळचा कोरेगावकडचा, पण सगळी नोकरी सांगलीत. विकास अधिकारी म्हटलं की लोकांना वाटतं, हा कशाचा तरी विकास करत असणार. आम्ही विमा गोळा करायचो. ट्रकचा, कुपवाडच्या कारखान्यांतल्या यंत्रांचा, दुकानांचा, आणि माझ्या वाट्याला विशेष करून जनावरांचा. जत तालुक्यातल्या मेंढरांचा मी इतका विमा उतरवला की ऑफिसात माझं नाव 'मेंढरे साहेब' पडलं. माझं आडनाव निकम आहे, हे नव्या शिपायाला दर वेळी सांगावं लागे.

मेंढराच्या विम्याची रीत अशी. विमा उतरवताना मेंढराच्या कानात नंबराचा बिल्ला मारायचा. मेंढरू मेलं, की जनावरांच्या डॉक्टरचा दाखला घ्यायचा, चार लोकांसमोर पंचनामा करायचा, आणि बिल्ल्यासकट कान कापून ऑफिसात आणून द्यायचा. कान नाही, तर भरपाई नाही. कारण मेंढरं सगळी सारखी दिसतात. मेलं ते विम्याचंच कशावरून? शिवाय कान कंपनीकडं जमा झाला, की त्याच मेंढराची भरपाई दुसऱ्यांदा मागता येत नाही. कायदा मोठा चोख. फक्त वास येतो. एकदा असला एक कान मी स्कूटरच्या डिकीत विसरलो आणि नंतर कुपवाडला एका कारखानदाराकडं आगीचा विमा विकायला गेलो. गेटपासून ऑफिसपर्यंत औद्योगिक वसाहतीतली यच्चयावत कुत्री माझ्या मागं. कारखानदार म्हणाले, "निकम, तुमची कंपनी एवढा बंदोबस्त द्यायला लागली काय?" विमा काही त्यांनी घेतला नाही.

तर नव्वदच्या दशकात कधीतरी वरून हुकूम आला, की आता गरिबांसाठी स्वस्तातला आरोग्य विमा विकायचा. माणूस आजारी पडून दवाखान्यात भरती झाला, की ठरलेल्या मर्यादेपर्यंत खर्च कंपनी देणार. आधी आपण भरायचा, मग बिलं दाखवून परत घ्यायचा. आमच्या शाखाधिकारी देसाई मॅडम मुंबईहून बदलून आलेल्या. बाई कडक, नियमाला पक्क्या, पण डोळ्यांत सतत कुतूहल. म्हणाल्या, "निकम, तुमच्या मेंढपाळांना विचारा ना. ते तुमचं ऐकतात."

मेंढपाळ माझं ऐकत नव्हते, माझ्या बिल्ल्याचं ऐकत होते. पण एवढी बारीक गोष्ट वरिष्ठांना कशाला सांगा?

जतच्या पूर्वेला, कर्नाटकाच्या हद्दीला खेटून धनगरांची एक वस्ती होती. मायाप्पा तिथला कारभारी आणि लोकर सोसायटीचा चेअरमन. मिशा पांढऱ्या, आवाज खर्जातला, निम्मं कानडी निम्मं मराठी बोलणारा. मी वस्तीवर गेलो, तर टँकर नुकताच येऊन गेल्यामुळं सगळे जमलेलेच होते. मी बाभळीखाली उभं राहून विमा समजावायला लागलो. त्यांच्यात एक जुनी रीत होती. रोगाच्या साथीत एखाद्याचा कळप बसला, की वस्तीतल्या प्रत्येक घरानं त्याला एकेक मादी कोकरू द्यायचं. दोन-तीन वर्षांत त्याचा कळप पुन्हा उभा. मला वाटलं, वा, यापेक्षा सोपं उदाहरण कुठलं? मी म्हणालो, "बघा, विमा म्हणजे हेच. सगळ्यांनी थोडंथोडं घालायचं, ज्याच्यावर पाळी येईल त्याला द्यायचं."

मायाप्पानं शांतपणे चंची सोडली. "म्हंजी आमी करतोय त्येच की. मग तुमची कंपनी मधी कशाला?"

साठ मैल स्कूटर हाकत आलो होतो आणि माझ्याच उदाहरणानं मला आडवं पाडलं होतं.

मागून बायकांतून आवाज आला. "आवं मामा, कळप बसला तर कोकरं देशीला. उद्या माझ्या पोटात दुखाय लागलं तर मिरजंचा डाक्टर कोकरू घील व्हय?"

ही कमळ, मायाप्पाची सून. डोक्यावर पाण्याची घागर तशीच. सासऱ्यासमोर एवढं बोलली म्हणून बाकीच्या बायका पदराआड हसल्या. मायाप्पाही मिशीत हसला. मग तिनंच मला धरलं. "पर सायेब, मेंढरू मेलं का न्हाई ते दिसतंय. मानूस आजारी हाय का सोंग करतंय, ठरवनार कोन?"

अख्ख्या नोकरीत इतका नेमका प्रश्न मला विम्याच्या परीक्षेतही कुणी विचारला नव्हता. उत्तर नीट द्यायला हवं होतं. दवाखान्याचे कागद, डॉक्टरची चिठ्ठी, बिलं, पावत्या, असं एकेक सांगायला हवं होतं. पण ऊन मी म्हणत होतं, आणि समोर तयार गिऱ्हाईक दिसलं की माझी जीभ माझ्या आधी धावते. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "काही काळजी करू नका. मेंढराचा विमा असतो ना, अगदी तसाच. कंपनी तीच, मी तोच, पद्धत तीच!"

"हौदु," मायाप्पा म्हणाला. म्हणजे बरोबर. "तसं असंल तर आमाला ठावं हाय."

आणि एक म्हातारा दोन्ही कानांवर हात ठेवून उठून बसला. "बिल्ला कानात मारनार काय?"

हशा झाला. मीही हसलो. तो म्हातारा हसला नाही.

सहीच्या दिवशी देसाई मॅडम जीपनं आल्या. सांगलीच्या पेंटरकडून 'ऐतिहासिक आरोग्य विमा करार' असा फलक रंगवून आणला होता. तो दोन बाभळींना बांधला. सोसायटीतर्फे मायाप्पानं सही करायची, आणि प्रत्येक घराच्या कारभाऱ्यानं अंगठा उठवायचा, असं ठरलं होतं. मायाप्पानं सही केली. एकेक अक्षर कोरत, जीभ दाताखाली धरून. मग अंगठ्यांची वेळ आली आणि मी शाईचं पॅड उघडलं. येताना ते मी जीपच्या पुढच्या काचेखाली ठेवलं होतं. जतच्या उन्हात त्याची खापरी झाली होती.

मी घाबरलो, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही. तांब्यातलं पाणी पॅडवर ओतलं. थोडं घालायचं सोडून भरपूर ओतलं. पहिल्याचा अंगठा उठला तो निळ्या डबक्यासारखा. मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी आभाळाकडं.

"गेरू आना रं," मायाप्पा म्हणाला.

मेंढरं ओळखू यावीत म्हणून त्यांच्या पाठीवर तांबड्या गेरूची खूण करतात. तेलात कालवलेला गेरू परातीतनं आला. मॅडम हळूच मला म्हणाल्या, "हे चालेल?"

"अंगठा कुठल्या रंगाचा असावा हे नियमात नाही," मी म्हणालो. मला नियम माहीत नव्हता, पण त्यांनाही नव्हता.

मग एकामागून एक तांबडे अंगठे उठले. अंगठा उठवून झाला, की जो तो सवयीनं बोट शेजारच्या मेंढराच्या पाठीला पुसत होता. शेवटी कळपातली निम्मी मेंढरं विमेदार दिसायला लागली. गेरू मेंढरांचा, माणूस मेंढरांच्या विम्याचा, आणि तोंडानं मीच सांगितलेलं, पद्धत तीच. पुढं जे झालं त्याला वस्तीला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

पावसाळा सरता सरता एके दिवशी दुपारी मायाप्पा ऑफिसात आला. बरोबर त्याचा धाकटा भाऊ बिरप्पा, जरा वाकून चालणारा. मायाप्पाच्या हातात फडक्यात बांधलेली बरणी. वस्तीवरनं येताना ही माणसं कधी तूप, कधी मिरचीचं लोणचं आणायची. जेवणाची सुट्टी होती, डबे उघडलेले होते. मी उठून बरणी हातात घेतली. "अहो मायाप्पा, दर वेळी कशाला? बसा, बसा." आणि फडक्याची गाठ सोडत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "या मंडळी, जतचं लोणचं!"

"आवं सायेब," मायाप्पा म्हणाला, "त्ये बिरप्पाचं हाय."

"बिरप्पानं घातलंय?"

"घातलं न्हाई, काढलंय. मिरजंच्या डाक्टरनं. त्येच्या पोटातनं."

बरणीत, औषधी पाण्यात, करंगळीएवढं काहीतरी तरंगत होतं. आमचे रोखपाल पोळीचा घास हातात धरून जे उठले, ते त्या दिवशी परत जेवले नाहीत. मला बरणी खाली ठेवायचंही सुचेना.

मायाप्पानं मात्र शिस्तीत एकेक गोष्ट टेबलावर मांडली. आधी पंचनामा, चार माणसांच्या अंगठ्यांचा. मग तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरचा दाखला. हे डॉक्टर माझ्या ओळखीचे, मोठे गमत्ये. त्यांनी नकार द्यायचा सोडून आपला छापील कागद मन लावून भरून दिला होता. वर्ण: सावळा. शिंगे: नाहीत. दात: शाबूत. कानातील बिल्ला: मारू दिला नाही. खाली शेरा: 'सदर प्राणी माझ्या चांगल्या परिचयाचा असून पोटाच्या विकाराने खरोखर आजारी होता.'

"आनि ह्यो कान," मायाप्पानं बरणी पुढं सरकवली. "कान कापला न्हाई, मानूस जित्ता हाय न्हवं. जे कापलं त्ये आनलंय. डाक्टर देत नव्हता. म्हनला, तपासाय पाठवायचंय. म्या म्हनलं, तपास आनि परत दे, कंपनीत जमा कराय लागतंय."

मी दोन्ही हातांत डोकं धरलं. "मायाप्पा, बिलं कुठायत? दवाखान्याचे कागद?"

"त्ये व्हय? वड्यात सोडलं."

"का?"

"दवाखान्यातलं काय बी उंबऱ्याच्या आत घेत न्हाई आमच्यात. आजार मागनं येतो. ही बरणी बी म्या बाभळीला टांगली हुती भाईर. कागद काय, मेंढराला कवा मागितलं न्हाई तुमी."

देसाई मॅडम केबिनच्या दारात कधी येऊन उभ्या राहिल्या ते कळलं नाही. त्यांनी दाखला वाचला, पंचनामा वाचला, बरणीकडं वाकून पाहिलं. ओठ घट्ट मिटलेले होते, पण खांदे हलत होते. मग त्या सरळ झाल्या. "निकम, मूळ बिलं नसतील तर क्लेम होत नाही. तुम्हाला माहीत आहे."

बिरप्पाला इंग्रजी शब्द कळला नाही, पण सूर कळला. तो मायाप्पाकडं बघायला लागला. मायाप्पा मला म्हणाला, "सायेब, एक इचारतो. आमच्या कमळीच्या बी पोटात दुखतंय. दोन घास खाल्लं की लोळती. मिरजंचा डाक्टर म्हनतोय खडं हायती, कापाय लागतंय. वस्तीनं ठरवलंय, आधी बिरप्पाचं काय हुतंय बघायचं, मग तिला न्यायचं. हितं खरं झालं तर नेतो. न्हाई झालं तर देव बघंल."

आता हसणं संपलं. डोक्यावर घागर घेऊन मला प्रश्न विचारणारी ती बाई डोळ्यांसमोर आली. ठरवणार कोण, असं तिनं विचारलं होतं. मी तिला 'तसाच' म्हणून वाटेला लावलं होतं, आणि आता ती आमच्या शाखेच्या निर्णयाची वाट बघत वस्तीवर लोळत होती. मायाप्पा धमकी देत नव्हता. एका मेंढराचा कान घेऊन भरपाई दिली, तरच पुढच्या वर्षी कळपाला बिल्ले मारून घ्यायचे, ही त्यांची सरळ व्यवहाराची रीत. ती त्यानं माणसाला लावली होती. मीच लावायला सांगितली होती.

"नक्कल मिळेल," मी मॅडमना म्हणालो. "दवाखान्यात नोंद असणारच."

"नकलेवर देता येत नाही."

"आणून तरी बघतो."

त्यांनी दाखला आणि पंचनामा उचलून फाइलीत ठेवला. नाही असं म्हणाल्या नाहीत.

बिरप्पाला ऑफिसात बसवून मी मायाप्पाला स्कूटरवर मागं घेतलं आणि मिरजेला निघालो. मायाप्पानं बरणी मांडीत धरली होती. "ती कशाला आणताय?" मी विचारलं. "आसूं द्या," तो म्हणाला. खड्डा आला की मला बिरप्पाची आठवण येत होती.

दवाखान्याच्या नोंदींच्या खिडकीवर एक सुकलेले गृहस्थ होते. मी ओळखपत्र दाखवलं, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "केसनंबर?"

"नाही. नाव बिरप्पा."

"जतहून रोज दोन बिरप्पा येतात. इथं पोतीच्या पोती कागद आहेत. नंबराशिवाय काही सापडायचं नाही."

मी विनवण्या केल्या, सरकारी आवाज काढला, मग गयावया केली. गृहस्थ हलेनात. मी वळलो, तर मायाप्पानं खिडकीत बरणी ठेवली, आणि फडकं अर्धं खाली सरकवलं.

"नंबर हाय की. बिल्ला हाय त्येला."

बरणीला पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावलेला होता. त्यावर निळ्या शाईत बिरप्पाचं नाव, केसनंबर, वॉर्ड, खाली डॉक्टरची आद्याक्षरं. दुपारपासून ती बरणी माझ्यासमोर होती. पण लोणचं नाही हे कळल्यापासून मी तिच्याकडं डोळे उघडून पाहिलंच नव्हतं.

"तुम्हाला वाचता येतं, मग मघाशी का बोलला नाहीत?"

"तुमी इचारलं न्हाई. मला वाटलं, बिल्ला इमेवाल्याला दिसत आसंलच."

गृहस्थांनी नंबर उतरवून घेतला. त्यांचा चहा थंड व्हायच्या आत केस बाहेर आली. बिलांच्या नकला झाल्या, त्यांवर शिक्के पडले, आणि ऑपरेशन करणारे डॉक्टर वरच्या मजल्यावर होते, त्यांनी स्वतः उतरून सह्या केल्या. बरणी ओळखून ते म्हणाले, "हे काका! चार दिवस माझ्या मागं लागले होते."

संध्याकाळी आम्ही परत आलो, तेव्हा ऑफिसात मॅडम एकट्याच थांबल्या होत्या, आणि बाकावर बिरप्पा. मॅडमनी नकला तपासल्या. बरणीवरचा नंबर नकलांवरच्या नंबराशी ताडून पाहिला. मग म्हणाल्या, "मूळ बिल नाही. पण अवयवच मूळ असेल तर नियम काय म्हणतो, हे मला वरच्या ऑफिसला विचारावं लागेल."

त्यांनी तसं खरोखर विचारलं. पत्राचा मसुदा मी पाहिला होता. 'सदर अवयव शाखेच्या ताब्यात आहे' हे वाक्य त्यात होतं. वरचं ऑफिस बरेच दिवस गप्प. मला वाटतं ते पत्र तिथं टेबलाटेबलावर फिरलं असावं, कारण पुढं कित्येक वर्षं कुठल्याही मीटिंगला गेलो की कोणी ना कोणी विचारायचं, "सदर अवयव कसा आहे?" त्या दिवसांत मी दर सोमवारी मॅडमच्या दाराशी घुटमळायचो. एकदा त्या वैतागून म्हणाल्या, "निकम, मलाही ती बाई दिसते. जाऊन काम करा." त्यांनी कमळला कधी नीट पाहिलंही नव्हतं, सहीच्या दिवशी ती मागं गर्दीत होती.

शेवटी मंजुरी आली. बिरप्पानं हमीपत्र द्यावं, एवढ्या अटीवर. चेक घेऊन मीच वस्तीवर गेलो. मायाप्पानं तो दोन्ही बाजूंनी पाहिला आणि बिरप्पाकडं दिला.

"बरणी परत आणलीय," मी पिशवी पुढं केली.

तो एक पाऊल मागं सरकला. "ती कशाला? ती कंपनीत जमा झाली. परत दिलीसा तर आमी दुसऱ्यांदा नुकसानभरपाई मागू!"

कमळ चुलीपाशी भिंतीला टेकून बसली होती. बरीच वाळली होती. चेकचा कागद बिरप्पाच्या हातातनं तिनं मागून घेतला, उजेडाला धरला आणि परत दिला. "मामा," एवढंच म्हणाली. मायाप्पानं मला विचारलं, "सायेब, मिरजंला जानारी यष्टी कवा हाय?"

त्यानंतर महिन्याभरानं कमळ ऑफिसात आली. नवरा बरोबर होता, पण पुढं तीच. टेबलावर तिनं आधी कागदांचं जाडजूड पुडकं ठेवलं: बिलं, पावत्या, चिठ्ठ्या, अगदी रसवंतीवाल्याचीसुद्धा. मग पदराच्या गाठीतनं एक लहान बाटली काढून ठेवली. आत चार-पाच खडे, जतच्या माळावरच्या मुरुमासारखे. वर चिकटपट्टी, तिच्यावर नाव आणि नंबर.

"कमळ, आता कागद आहेत. बाटलीची गरज नाही."

"आसूं द्या. कागद तुमच्या मॅडमला, खडं तुमाला. इचारलं हुतं न्हवं म्या, आजारी हाय का सोंग, ठरवनार कोन? बघा आता."

ते खडे फाइलीला लावता येईनात, म्हणून माझ्या खणात राहिले. निवृत्तीच्या दिवशी खण रिकामा केला, तेव्हा घरी आले. राष्ट्राध्यक्षांच्या मागं उभ्या राहिलेल्यांना पेनं मिळाली. आपापल्या नशिबाचा भाग.

हल्ली चरायला निघालेला वस्तीचा कळप दिवाळीनंतर सांगलीवरनं जातो, तेव्हा कमळ वाट वाकडी करून घरी येते. केस पांढरे झालेत, आवाज सासऱ्यावर गेलाय. चहा नंतर, आधी विचारते, "हायत न्हवं माझं खडं?"

मी कपाटातनं बाटली काढून दाखवतो. ती हातात घेऊन हलवते, खडे वाजतात. माझी बायको आत निघून जाते.

"धुऊन ठेवू का गं? पट्टी फार मळलीय."

"धुवा की," ती म्हणते. "बिल्ला तेवढा काढू नगा."